काळ्या मखमलीचे वारस

दादासाहेब फाळक्यांच्या ‘श्रीकृष्णजन्म’ या १९१८ सालच्या मूकपटात कंसाचं डोकं धडापासून सुटतं आणि हवेत वर जातं. चित्रपटाचे जे थोडे तुकडे आज उरले आहेत, त्यांत हा प्रसंग आहे आणि तो पाहताना अजूनही थबकायला होतं. त्याआधी वीस वर्षं, १८९८ मध्ये, फ्रान्समधल्या जॉर्ज मेलिएसने पडद्यावर स्वतःचं डोकं उचलून टेबलावर ठेवलं होतं. एक ठेवलं की धडावर दुसरं उगवायचं. मेलिएस मुळात जादूगार, पॅरिसमधल्या जादूच्या एका प्रसिद्ध थिएटरचा मालक. फाळकेही जादू शिकलेले. आपल्या नावाची अक्षरं उलटून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते प्रयोग करत. रंगमंचावरच्या जादूगारांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: काळ्या मखमलीच्या पडद्यासमोर काळी मखमल पांघरलेला माणूस प्रेक्षकाला दिसत नाही.

कॅमेऱ्यात या मखमलीला आणखी एक गुण लाभला. फिल्मवर उजेड पडला तरच काही उमटतं. काळ्या भागातून उजेड येत नाही, म्हणून फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. मग ती फिल्म मागे गुंडाळायची, त्याच पट्टीवर दुसऱ्यांदा चित्रण करायचं आणि कोऱ्या जागेत हवं ते भरायचं. डोकं वेगळं, धड वेगळं, पट्टी एकच.

मला मागोवा घ्यायचा आहे तो या कोऱ्या जागेचा. चित्रातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवणाऱ्या त्या आकृतीला तंत्रज्ञ मॅट म्हणतात, आपल्या जुन्या स्टुडिओंमध्ये मास्क म्हणत. संगणकाने सिनेमा बदलला असं म्हणताना आपल्याला ‘जुरासिक पार्क’मधले डायनासोर किंवा ‘बाहुबली’मधली माहिष्मती आठवते. साहजिकच आहे. पण डायनासोर कितीही हुबेहूब घडवला तरी तो गवताआडून, झाडामागून, माणसाच्या खांद्यापलीकडून चालत गेला पाहिजे. जिथे माणूस संपतो आणि डायनासोर सुरू होतो तिथे शिवण दिसता कामा नये. संगणकाने सिनेमात केलेलं सगळ्यात मूलगामी काम या शिवणीवरचं आहे, असं माझं मत आहे. त्याची कहाणी मात्र संगणकाच्या कितीतरी आधी सुरू होते.

मखमलीची अडचण अशी की ती जागची हलत नाही. आपल्या जुन्या दुहेरी भूमिकांचे प्रसंग बारकाईने पाहिले तर हे कळतं. ‘राम और श्याम’ असो की ‘सीता और गीता’, दोन्ही रूपं एका चौकटीत आली की मध्ये खांब, दाराची चौकट किंवा भिंतीचा कोपरा सापडतो. लेन्सची अर्धी बाजू झाकून एकदा चित्रण, मग फिल्म मागे घेऊन दुसरी बाजू झाकून पुन्हा चित्रण. कॅमेरा जमिनीत रोवल्यासारखा स्थिर हवा. नटाने ती अदृश्य रेघ ओलांडली की त्याचा हात हवेतच कापला जाणार. त्यामुळे जुळ्या भावांनी एकमेकांना मिठी मारायची वेळ आली की एकाची पाठ कॅमेऱ्याकडे असायची आणि त्या पाठीचा मालक भलताच कुणीतरी असायचा.

माणसाबरोबर हलणारा मास्क बनवण्याची रीत अमेरिकेत फ्रँक विल्यम्सने शोधली आणि १९१८ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. नटाला एकरंगी पार्श्वभूमीसमोर चित्रित करायचं, मग त्या फिल्मच्या इतक्या गडद प्रती काढायच्या की नटाची नुसती काळी सावली उरेल. प्रत्येक फ्रेमची वेगळी सावली. नट चालला की सावली चालते. १९३३ च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये जॉन फुल्टन याने ही रीत आणि मखमल यांची सांगड घातली. नटाला नखशिखांत काळी मखमल चढवली, वर साधे कपडे घातले आणि काळ्या मखमलीच्याच पार्श्वभूमीसमोर उभं केलं. फिल्मवर उरले नुसते चालणारे कपडे. ते खऱ्या खोलीच्या दृश्यात बसवले गेले आणि जिथे डाग राहिले तिथे हजारो फ्रेम हाताने रंगवून दुरुस्त केल्या. आजच्या व्हीएफएक्स स्टुडिओत जी कामं वेगवेगळ्या खात्यांत वाटलेली असतात, ती सगळी बीजरूपाने या एका चित्रपटात सापडतात.

मुंबईत प्रकाश पिक्चर्सच्या विजय भट्टांनी त्याच कल्पनेवरून ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) काढला. ट्रिक सीनची जबाबदारी आली सुरतेहून आलेल्या बाबूभाई मिस्त्री या विशीच्या आतल्या तरुणाकडे. हॉलिवूडची प्रयोगशाळा, तिथले प्रिंटर, तिथला पैसा यांतलं काहीच हाताशी नव्हतं. बाबूभाईंनी काळा पडदा लावला, वस्तूंना काळा दोरा बांधला आणि दिवे असे बसवले की दोऱ्यावर उजेडाचा कणही पडू नये. वस्तू आपोआप उचलल्या जाऊ लागल्या. सिनेमावाले त्यांना तेव्हापासून ‘काला धागा’ म्हणू लागले. पुढे ‘पारसमणी’, ‘संपूर्ण रामायण’ अशा चित्रपटांचं दिग्दर्शन करणारे हेच बाबूभाई. पुण्यात ‘प्रभात’ही याच काळात संतांचे चमत्कार पडद्यावर आणत होती, ‘संत तुकाराम’मधलं वैकुंठगमन आणि ‘संत ज्ञानेश्वर’मधली चालणारी भिंत पाहायला लोक बैलगाड्या जुंपून यायचे. या माणसांच्या कौशल्यावर अजून कुणी नीट ग्रंथ लिहायला हवा असं मला फार वाटतं. आपल्याकडे नटांची चरित्रं आहेत, संगीतकारांची आहेत. ट्रिक सीन करणाऱ्यांचा उल्लेख श्रेयनामावलीतल्या एका ओळीत उरकला जातो.

रंगीत फिल्म आली आणि काळ्या मखमलीची जागा निळ्या पडद्याने घेतली. १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’साठी लॅरी बटलर याने हे साधलं. आपल्या म्हैसूरचा साबू त्यात चोर झाला होता. टेक्निकलरचा कॅमेरा एकाच वेळी तीन वेगळ्या फिल्मवर लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाची नोंद करायचा. माणसाच्या कातडीत निळा रंग सगळ्यात कमी, मग तो गोरा असो वा सावळा. म्हणून मागचा पडदा निळा ठेवला की निळ्याच्या नोंदीतून पडदा आणि माणूस वेगळे काढता येतात. बाटलीतून निघालेला राक्षस आणि त्याच्या पायाशी मुंगीएवढा साबू एका चौकटीत आले ते यामुळे. बटलरला त्यासाठी ऑस्कर मिळालं.

तरीही कडेभोवती निळसर रेघ उरायची. केस, धूर, काच, पातळ ओढणी या गोष्टी तर हाताला लागतच नसत, कारण त्या धड आहेतही आणि धड नाहीतही. केसाच्या बटेआडून मागचं दिसतं, मग ती बट ठेवायची की टाकायची? हा प्रश्न पेट्रो व्लाहोस या अभियंत्याने आयुष्यभर पाठीवर घेतला. १९५९ च्या ‘बेन-हर’साठी त्याने तिन्ही रंगांच्या नोंदींतला फरक मोजून मॅट काढण्याची पद्धत बसवली. हिरव्यापेक्षा निळं किती जास्त आहे, यावरून तिथे पडदा किती दिसतोय ते ठरतं. ‘आहे की नाही’च्या ऐवजी त्याने ‘किती आहे’ असं विचारलं आणि केस सुटले, धूर सुटला. त्याची दुसरी पद्धत आणखी सुंदर होती. पडद्यावर सोडियमच्या दिव्याचा शुद्ध पिवळा उजेड टाकायचा आणि कॅमेऱ्यातल्या प्रिझमने नेमका तेवढाच उजेड वळवून दुसऱ्या फिल्मवर घ्यायचा. म्हणजे चित्रण होतानाच मॅट तयार. डिस्नेच्या ‘मेरी पॉपिन्स’मध्ये (१९६४) चित्रांच्या जगात वावरणाऱ्या माणसांच्या कडा आजही इतक्या स्वच्छ दिसतात त्या यामुळे. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मध्ये फडफडणारे पंख निळ्या पडद्याला दाद देईनात, तिथेही हाच पिवळा उजेड कामी आला. मात्र त्यासाठी खास प्रिझमचा खास कॅमेरा लागे, म्हणून ती पद्धत मोजक्या ठिकाणीच राहिली.

आता हे सगळे तुकडे जोडायचे कसे? त्यासाठी ऑप्टिकल प्रिंटर होता: समोरासमोर बसवलेले प्रोजेक्टर आणि कॅमेरा. एका फिल्मवरचं चित्र मास्कमधून दुसऱ्या फिल्मवर छापायचं, फिल्म मागे घ्यायची, पुढचा तुकडा छापायचा. ‘स्टार वॉर्स’मधल्या (१९७७) अंतराळयुद्धाचा एकेक शॉट असाच थरावर थर चढवत तयार झाला. त्या चित्रपटाची ख्याती संगणकाशी जोडली जाते, पण तिथे संगणकाचं काम मुख्यतः कॅमेऱ्याची हालचाल तंतोतंत पुन्हा-पुन्हा घडवण्याचं होतं. जोडकाम पूर्णपणे फिल्मवरचं. प्रत्येक छपाईबरोबर फिल्मचे कण जाड होत जातात, म्हणून त्याचे इफेक्ट करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्टुडिओच्या मंडळींनी हे शॉट दुप्पट मोठ्या चौकटीच्या जुन्या व्हिस्टाव्हिजन फिल्मवर घेतले.

मास्क केसभर जरी सरकला तरी वस्तूभोवती काळी रेघ येते. अंतराळ काळंच, तिथे काळ्या रेघा खपून जात. पुढच्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये (१९८०) लढाई बर्फावर आली, पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर, आणि तिथे प्रत्येक यानाभोवतीची रेघ उघडी पडली. ती दबवण्यासाठी छपाई हलकी केली, तर यानाच्या काचेआडच्या भागातून मागचा बर्फ आरपार दिसू लागला. जगातले सर्वोत्तम कारागीर हाताशी असताना हे झालं. १९९७ मध्ये तो चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना हे शॉट संगणकावर नव्याने जोडले गेले. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. फिल्मची हद्द नेमकी कुठे संपत होती हे समजायला याहून चांगला धडा नाही.

त्या हद्दीपलीकडची वाट न्यूयॉर्कजवळच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत उघडली. १९७७-७८ च्या सुमारास एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ तिथे संगणकावर चित्रं काढण्याच्या खटपटीत होते. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी संगणक तीन आकडे साठवतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. या दोघांनी चौथा आकडा जोडला: हा ठिपका मुळात किती व्यापलेला आहे? शून्य म्हणजे तिथे काही नाही, एक म्हणजे पूर्ण भरलेला, अधलंमधलं म्हणजे केसाची कड, काचेची झाक, वेगाने हललेल्या हाताचं पुसटपण. सूत्रातल्या ग्रीक अक्षरावरून त्याला अल्फा म्हणू लागले. तेव्हा संगणकाची स्मृती सोन्याच्या मोलाची होती आणि हा आकडा तिचा खर्च एकतृतीयांशाने वाढवत होता. तरी त्यांनी तो ठेवला. याचं महत्त्व असं की मास्क आता चित्राहून वेगळी पट्टी राहिला नाही. तो प्रत्येक ठिपक्याच्या पोटात गेला. चित्र जिथे जाईल तिथे त्याची कड त्याच्याबरोबर जाते, सरकत नाही, झिजत नाही, शंभरदा छापली तरी जाड होत नाही. आजही संगणकाच्या पडद्यावर अल्फा उघडून पाहिला तर काळ्या-पांढऱ्यातच दिसतो, आणि काळं म्हणजे कोरं हा मेलिएसच्या मखमलीचा नियम तिथे तसाच चालू आहे.

१९८४ मध्ये ‘स्टार वॉर्स’ काढणाऱ्या लुकासफिल्मच्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशा दोन चित्रांना एकमेकांवर ठेवण्याचं गणित एका निबंधात मांडलं. वर ठेवणं, आत बसवणं, बाहेर काढणं अशा मोजक्या क्रिया. त्यांतली ‘वर ठेवणं’ ही क्रिया आज प्रत्येक फोनच्या पडद्यावर सेकंदाला कोट्यवधी वेळा घडते. कॅटमल, स्मिथ, पोर्टर आणि डफ या चौघांना १९९६ मध्ये अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. पारितोषिक सोहळ्यातल्या झगमगाटात अशा पुरस्कारांची बातमी होत नाही, पण सिनेमाच्या इतिहासात मी त्याला फार वरचं स्थान देईन.

गणित तयार असलं तरी फिल्म संगणकात जायला आणि परत फिल्मवर यायला वेळ लागला. ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड’मध्ये (१९८९) खलनायक काही क्षणांत म्हातारा होऊन झडून जातो, तो शॉट संपूर्ण संगणकात जोडून फिल्मवर उतरवला गेला. दोन वर्षांनी ‘टर्मिनेटर २’ आला. त्यातला पाऱ्याचा माणूस सगळ्यांना आठवतो. मला त्यातली मोटारसायकलची उडी महत्त्वाची वाटते. ती गाडी जाड तारांना टांगलेली होती आणि त्या तारा नंतर संगणकावर पुसून टाकल्या. बाबूभाईंना धागा दिसू नये म्हणून जीव टाकावा लागे. आता धागा खुशाल दिसू दे, जितका जाड तितका नट सुरक्षित. नंतर तो पुसणारं कुणीतरी आहे. स्टंट करणाऱ्यांच्या जिवाच्या दृष्टीने हा बदल केवढा मोठा आहे, हे पुरेसं बोललं जात नाही.

सन २००० मध्ये कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटाचं संपूर्ण रंगकाम संगणकावर झालं. त्यानंतर हळूहळू प्रत्येकच चित्रपट अथपासून इतिपर्यंत संगणकात जाऊ लागला, आणि जो आत गेला त्याला हात लावण्याचा मोह कुणाला आवरत नाही. विजेची तार नको, मागची पाटी नको, आकाश जरा निळं हवं. इफेक्टचे शॉट डझनांवरून हजारांवर गेले. पडदाही बहुतेक ठिकाणी निळ्याचा हिरवा झाला, कारण डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे बिंदू इतर रंगांच्या दुप्पट असतात. आपल्या सेटवर त्याला नुसतं ‘क्रोमा’ म्हणतात.

पण सगळीकडे क्रोमा लावता येत नाही. भर बाजारात घेतलेल्या शॉटमधून नायकाला वेगळं काढायचं तर कुणीतरी बसून त्याच्याभोवती रेघ काढावी लागते, दर सेकंदाला चोवीस फ्रेम. याला रोटो म्हणतात. त्याचा पूर्वज १९१७ साली पेटंट मिळालेलं मॅक्स फ्लायशर यांचं रोटोस्कोप यंत्र: काचेवर फिल्मची एकेक चौकट खालून पाडायची आणि वरच्या कागदावर ती गिरवायची. ‘स्टार वॉर्स’मधल्या प्रकाशाच्या तलवारी अशाच हाताने रंगवलेल्या. आजचा रोटो आर्टिस्ट माणसाला एका आकृतीत बांधत नाही. डोकं, मान, दंड, मनगट, एकेक बोट असे वेगळे आकार तो वक्ररेषांनी घेतो, हालचाल जिथे दिशा बदलते त्या फ्रेमवर आकार नीट बसवतो, मधल्या फ्रेम संगणक भरतो, मग त्या एकेक तपासतो. चार सेकंदांचा शॉट म्हणजे ९६ फ्रेम. शेवटी सगळं चालवून पाहताना कड थरथरली तर शॉट परत येतो.

हे काम मोठ्या प्रमाणावर भारतात आलं. मुंबई, हैदराबाद, चेन्नई, पुणे. मुंबईच्या प्राइम फोकस या कंपनीने २०१० मध्ये ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ अवघ्या काही आठवड्यांत थ्री-डीमध्ये बदलून दिला. नंतर ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘एपिसोड वन’चंही असंच रूपांतर केलं. सपाट चित्राला खोली द्यायची म्हणजे त्यातली प्रत्येक वस्तू तिच्या कडेवरून कापून वेगळी करावी लागते, त्यामुळे रोटोचं काम अवाढव्य वाढलं. २०१४ मध्ये प्राइम फोकसने लंडनच्या डबल निगेटिव्ह या व्हीएफएक्स स्टुडिओला आपल्यात सामील करून घेतलं आणि ‘ब्लेड रनर २०४९’, ‘ड्यून’ यांसारख्या ऑस्करविजेत्या कामांशी मुंबईचं नातं जुळलं. अशा चित्रपटांच्या शेवटी वर सरकणाऱ्या नावांत कुलकर्णी, शिंदे, गायकवाड, पाटील दिसतात. तोवर थिएटर रिकामं झालेलं असतं. मी मात्र दिवे लागले तरी ती नावं वाचत बसतो.

या धंद्याची आर्थिक बाजू किती ठिसूळ आहे हे ‘लाइफ ऑफ पाय’ने दाखवलं. त्यातला रिचर्ड पार्कर हा वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादलाही होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात तिच्या कामाला ऑस्कर मिळालं. पुरस्कार घेताना बिल वेस्टनहोफर कंपनीच्या हलाखीबद्दल बोलू लागले तेव्हा ‘जॉज’चं संगीत वाजवून त्यांचं भाषण तोडण्यात आलं. बाहेर शेकडो कलाकार निदर्शनं करत होते. जगभरच्या व्हीएफएक्स कलाकारांनी त्या आठवड्यात आपल्या छायाचित्राच्या जागी नुसता हिरवा चौकोन लावला: आम्ही नसलो तर पडद्यावर एवढंच उरेल.

कड कापण्याची गरजच पडू नये, अशीही एक वाट आता निघाली आहे. ‘फर्स्ट मॅन’मध्ये (२०१८) यानाच्या खिडकीबाहेरचं आकाश भल्यामोठ्या एलईडी पडद्यावर दाखवून सगळं कॅमेऱ्यातच टिपलं; वर्षभराने ‘द मँडलोरियन’ने अख्खा सेटच अशा पडद्यांनी वेढला. नटाच्या चेहऱ्यावर, हेल्मेटच्या काचेवर त्या आकाशाचा खरा उजेड पडतो. जुन्या हिंदी चित्रपटांत गाडी उभी असायची आणि मागच्या पडद्यावर रस्ता पळायचा, त्याच बॅक प्रोजेक्शनचा हा वंशज.

दुसरी वाट कृत्रिम बुद्धिमत्तेची. २०२१ पासून न्यूक या प्रमुख जोडकाम-सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय आहे की कलाकाराने काही फ्रेम हाताने कापून द्यायच्या आणि त्यांवरून शिकून बाकीच्या यंत्राने कापायच्या. ते साधन दर वर्षी सुधारतंय आणि कंटाळवाणं काम कमी होतंय याचा मला आनंदच आहे. पण रोटो हा या धंद्याचा उंबरठा आहे. महागडी पदवी नसलेली, गावाकडून आलेली कितीतरी मुलं-मुली रोटोपासून सुरुवात करून पेंटमध्ये, म्हणजे तारा-डाग पुसण्याच्या कामात, आणि तिथून कम्पोझिटिंगमध्ये, म्हणजे जोडकामात गेली. केसाची बट उजेडात कशी विरघळते, पळत्या माणसाचा हात किती फ्रेम पुसट होतो, ओल्या कपड्याची कड कोरड्यापेक्षा कशी वेगळी दिसते, हे त्यांना हजारो फ्रेम कापताना कळलं. ज्या काही फ्रेम यंत्राला शिकवण्यासाठी हाताने कापून द्याव्या लागतात, त्या अशाच नजरेच्या माणसाने कापलेल्या लागतात. स्टुडिओंनी पहिल्या पायरीची भरती थांबवली तर दहा वर्षांनी ती नजर कुठून आणायची, याचं उत्तर त्यांना आत्ताच शोधावं लागेल; प्रशिक्षणाचे पैसे, शिकाऊ जागा आणि त्या मुलांच्या नावांसाठी श्रेयनामावलीत जागा, तिन्ही गोष्टी राखून.